पाच सामने, चार गुण

खेळाच्या सरांनी खिशातून कागद काढला आणि बास्केटबॉलच्या मुलींची नावं आणि गुण वाचायला सुरुवात केली. माधुरी, एकसष्ट. टाळ्या. गुंफा, बावीस. टाळ्या. रजनी, एकोणीस. अशी नऊ नावं झाली. दहावं माझ्या पोरीचं होतं. वच्छला, चार.

टाळी वाजली नाही. मागे कोणीतरी फिसकन हसलं. मग सगळेच हसले.

संस्थेचे अध्यक्ष पुढे खुर्चीवर बसले होते. धानाचे मोठे व्यापारी. शाळा त्यांच्या संस्थेची, आणि माधुरी त्यांची मुलगी. ते म्हणाले, "किती? चार? पाच मॅचीत चार? अरे बापा, हात तं पाहा तिचे, ताडावानी!"

मग त्यांनी मान वळवून मला शोधलं. मी चिंचेखाली रांजणांपाशी उभी होते.

"अवं पाणीवाली, इकडं ये. तुझीच आहे ना ही?"

"हो मालक."

"मंग इले टोपलीखाली कायले उभी करता? तलावात उतरव. शिंगाडे तरी तोडंन."

पुन्हा हसणं. सर हसले नाहीत. ते कागदाची घडी घालत राहिले.

मी हात जोडले. "चुकलं मालक," म्हणाले. हात सोडले, वळले, आणि वच्छीच्या थोबाडीत मारली. सगळ्या शाळेसमोर. चौदा वर्षांची पोर, निळ्या चड्डीत आणि पांढऱ्या बनियनमध्ये उभी. पाठीवर आठ नंबर. मार असं मला कोणीही सांगितलं नव्हतं. अध्यक्षांनीही नाही. उलट ते म्हणाले, "राहू दे, राहू दे, मारते कायले." म्हणजे दया दाखवायचं कामही त्यांनाच मिळालं. ते मीच त्यांना दिलं.

ही सत्त्याहत्तर-अठ्ठ्याहत्तरची गोष्ट. आज मी म्हातारी झाले. चौथी शिकलेली बाई, अक्षर वाकडं येतं. तरी हे दुसऱ्याकडून लिहून घेतलं नाही. दुसऱ्यानं लिहिलं असतं तर थापडीचा भाग त्यानं थोडा मऊ केला असता.

आम्ही ढीवर. वैनगंगेच्या या बाजूला तलाव पुष्कळ, आणि आमचं सगळं जगणं तलावावर. पावसाळ्यात दुसऱ्याच्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, रोवणी, हिवाळ्यात शिंगाडे, उन्हाळ्यात पाणी उतरलं की मासे. नवऱ्याचा गुडघा गेला तेव्हा मी अध्यक्षांकडे काम मागायला गेले. त्यांनी शाळेत पाणी भरायला आणि मैदान झाडायला लावलं. वच्छीही त्याच शाळेत. तेव्हा मला वाटायचं, ह्या माणसानं आपल्याला दोन हातांनी दिलं.

मैदान म्हणजे मुरूम दाबून केलेली जागा. दोन टोकांना दोन खांब, त्यावर लाकडी फळ्या, फळ्यांना लोखंडी कड्या. बास्केटबॉल हे नाव मास्तर लोक घ्यायचे, आम्ही टोपलीचा खेळ म्हणायचो. वच्छीला तो कोणी शिकवला नव्हता. एक दिवस पोरींचा चेंडू रांजणांकडे उडून आला. ती मला हंडा उचलू लागत होती. तिनं एक हात वर केला आणि चेंडू पकडला. सर पाहत राहिले. म्हणाले, "ए लांबोडे, उद्यापासून ये."

पहिल्या महिन्यात ती खूप टोपल्या टाकायची. आपसात दोन बाजू करून खेळायच्या ना, तेव्हा. फळीखाली उभी राहायची, हात वर, आणि टाकायची. मला काही कळत नव्हतं, पण चेंडू कडीतून खाली आला की पोरी ओरडायच्या, एवढं कळायचं. मी झाडता झाडता थांबायचे.

एका संध्याकाळी अध्यक्ष मुलीला न्यायला आले. रांजणाजवळ हात धुतले. हसत हसत म्हणाले, "काय वं, तुझी पोट्टी सारं एकटीच खाऊन राहिली. आमच्या माधुरीलेबी थोडं ठेवा म्हणावं."

एवढंच. टॉवेलनं हात पुसले, गेले.

मी घरी गेले आणि चूल पेटवायच्या आधी वच्छीला समोर बसवलं. म्हणाले, "उद्यापासून टोपलीत टाकायचं नाही. चेंडू आला का माधुरीताईले द्यायचा."

"काहून?"

"काहून काय काहून? त्याईच्या शाळेत शिकतेस. त्याईच्या शाळेत मी भाकर खातो."

"अन् ती दूर असली तं?"

"दूर असली तं दुसऱ्या पोट्टीले दे. तू नको टाकू."

माधुरी वच्छीपेक्षा एक वर्षानं लहान होती. मी तिला ताई म्हणायचे. वच्छीलाही म्हणायला लावलं.

वच्छीनं ऐकलं. ती ऐकणारीच होती. त्यानंतर तिनं वर कडीकडे बघणंच सोडलं. पाच सामन्यांत दोनदा तिला राहवलं नाही, त्या दोन टोपल्या, त्यांचे चार गुण. ते चार तिनं माझी आज्ञा मोडून केले होते. बाकीचं सगळं तिनं माझं ऐकून केलं, त्याचं शून्य आलं, आणि त्या शून्याबद्दल मी तिला मारलं.

हे मला त्या दिवशी कळलं नाही. त्या दिवशी मला एवढंच वाटलं की कागदावर लिहिलंय, सरांनी लिहिलंय, म्हणजे पोर कुचकामी. चौथी शिकलेल्या माणसाला कागदाची फार भीती. ज्याला वाचता येत नाही तो कागदावर संशय तरी घेतो. मला अर्धं वाचता येत होतं, म्हणून मी पूर्ण विश्वास ठेवला.

घरी वच्छी जेवली. भांडी घासली. रडली नाही. ती रडावी म्हणून मी वाट पाहत होते, म्हणजे जवळ घेता आलं असतं. तिनं ती सोयही मला दिली नाही.

चार दिवसांनी लाखांदूरकडची मुलींची टीम एसटीनं आमच्याकडे आली. वच्छीला सरांनी बाहेर बाकावर बसवलं होतं. कागदावर ती शेवटची, म्हणून बाहेर. मी नेहमीसारखी चिंचेखाली. पण त्या दिवशी मी रांजणाकडे पाठ केली आणि मैदानाकडे तोंड. आतापर्यंत मी माझ्या पोरीचा एकही सामना नीट पाहिला नव्हता. पाहिला नसताना मारलं होतं.

समोरच्या टीममध्ये एक दांडगी पोरगी होती. चेंडू कडीवर आपटून परत आला की तिच्याच हातात. माधुरी फेकायची, चुकायची, चेंडू त्या पोरीकडे. परत फेकायला मिळायचाच नाही. आमच्या पोरी नुसत्या धावत होत्या. फार मागे पडल्या तेव्हा सरांनी वच्छीला आत पाठवलं.

ती आत जाऊन काय करत होती ते मी पाहिलं. ती पाणी बडवत होती.

तलावात मोठं जाळं लावतात तेव्हा काही माणसं जाळं धरतात, आणि काही जण दुसऱ्या बाजूनं गळ्याइतक्या पाण्यात हात पसरून, पाणी बडवत येतात. मासे जाळ्याकडे वळवायचं काम ते. बायका आणि पोरी हेच काम करतात. मी केलं, वच्छीनं सहा वर्षांची असल्यापासून केलं. इथं ती त्या दांडग्या पोरीसमोर तशीच उभी होती, हात पसरून, गुडघ्यात वाकून. ती जाईल तिकडे वच्छी. तिला कडीपाशी येऊच देत नव्हती. आणि चेंडू परत आला की आता वच्छीचा लांब हात आधी पोहोचत होता. पकडायची, आणि लगेच द्यायची. आमच्या टोपल्या पडू लागल्या. टाकत होती माधुरी. टाळ्या माधुरीला.

आमच्यात मासे काठावर आले की ढीग लावतात. जितकी माणसं पाण्यात, तितके ढीग, आणि सगळे सारखे. मी लहान असताना बापाला विचारलं होतं, "मी तं एकबी मासा नाही धरला. मले एवढा ढीग काहून?" बाप म्हणाला, "तू तिकडं उभी नसती तं ते तिकडनं निघून गेले असते, येडे. घे गुमान." आमच्या अख्ख्या जातीत पाणी बडवणाऱ्याला कोणी कधी म्हटलं नाही की तुझे मासे किती ते दाखव. आणि मी, त्या ढिगांवर वाढलेली बाई, शाळेच्या मैदानावर येऊन नेमकं तेच विसरले. साहेबांचा खेळ आहे म्हटल्यावर मला वाटलं, इथं आपलं काहीच चालत नसेल. आपलं शहाणपणही नाही.

अर्ध्या वेळानंतर मी खाली वाकून चिंचोके वेचले. पदर पसरून बसले. वच्छी आत असताना आमचा एक गुण झाला की एक चिंचोका उजवीकडे, त्यांचा झाला की डावीकडे. ती बाहेर बसली की हे दोन ढीग तसेच ठेवायचे आणि दुसरे दोन लावायचे. ती किती टोपल्या टाकते ते मोजायचंच नाही. ती असताना आपलं काय होतं आणि नसताना काय होतं, एवढंच. माझ्या डोक्यात दुसरं गणित बसलंच नसतं.

त्या अर्ध्या वेळात वच्छी आत असताना आमचे चौदा झाले, त्यांचे सहा. बाहेर असताना आमचे पाच, त्यांचे तेरा. वच्छीची स्वतःची टोपली, एकही नाही. सामना आम्ही थोडक्यात हरलो. सरांच्या कागदावर त्या दिवशी तिच्या नावापुढे भोपळा.

पण एका दिवसाचं पाणी पाहून तलाव किती खोल ते सांगू नये. मी पुढचे तीन सामनेही मोजले. दोनदा तसंच निघालं. तिसऱ्यांदा उलटं. वच्छी आत होती, तरी आम्ही मागे पडत गेलो. मला वाटलं, गेलं, आपणच मायेपोटी खोटं मोजत होतो.

संध्याकाळी मी तिला विचारलं. थापडीनंतर आमचं कामापुरतंच बोलणं होतं. "आज काहून मांगं पडल्या वं?"

ती दळण निवडत होती. वर न पाहता म्हणाली, "गुंफी नव्हती ना. ताप आला तिले. मी बॉल काढून देऊ कोणाले? माधुरीले उभ्यानं टाकता येते, धावत येऊन घेता नाही येत. गुंफी तिच्या हातात नेऊन देते."

तिनं ओळीनं सगळं सांगितलं, जसं काही कोणी विचारेल याची ती वाट पाहत होती. माझे चिंचोके खोटे नव्हते, पण अर्धे होते. एकट्या माणसाचं मोजमाप होतच नाही. गुंफीशिवाय वच्छी अर्धी, वच्छीशिवाय माधुरी अर्धी. माधुरीचा हात चांगला होता, हे मी आजही सांगते, खोटं कशाला बोलू. पण वच्छी आत असली की तिला एकाच्या जागी दोन-तीनदा फेकायला मिळायचं. त्या एकसष्टमध्ये माझ्या पोरीचे किती, ते कुठं लिहिलेलं नव्हतं.

नागपूरला मोठ्या स्पर्धेला जायचं ठरलं. आठ पोरी न्यायच्या होत्या. कागदावर वच्छी दहावी. नावं पक्की व्हायच्या दिवशी मी पाण्याची घागर खाली ठेवली आणि ऑफिसात गेले. अध्यक्ष आणि सर बसले होते. मी टेबलावर चिंचोक्यांच्या पुड्या ठेवल्या. घरी बांधून आणल्या होत्या, सामन्यागणिक वेगळ्या.

"हे काय व्हय?" अध्यक्ष म्हणाले.

मी सांगितलं. ती आत असताना एवढे, बाहेर असताना एवढे. गुंफा नव्हती त्या दिवशीची पुडीही लपवली नाही.

अध्यक्ष हसले. "सर, आता तुमची सुट्टी. पाणीवाली बास्केटबॉल शिकवंन."

"शिकवून नाही राहिली मालक. मोजलं फक्त."

सर हसले नाहीत. त्यांनी एक पुडी सोडली, बोटानं चिंचोके दोन बाजूंना सारले. मग हळू आवाजात म्हणाले, "बाई, तुमचं खरं असेल. पण कागदावर असं लिहायला रकाना नाही."

"मंग एक पाडा."

अध्यक्षांचा चेहरा बदलला. "हे पाह्य, बाकीचं राहू दे. एवढी हुशार आहे तुझी पोट्टी, तं तिनं टोपल्या काहून नाही टाकल्या? कोणी हात धरला होता तिचा?"

इथं मी गप्प बसू शकले असते. बसले असते तर आज हे लिहायला काही नव्हतं.

"मी धरला होता," मी म्हणाले. "तुमी रांजणापाशी बोलले, माधुरीले ठेवा म्हणून. मी घरी जाऊन तिले सांगतलं, टाकू नको."

सरांनी अध्यक्षांकडे पाहिलं. अध्यक्ष म्हणाले, "अवं, ती तं गंमत होती!"

"तुमची गंमत मले हुकूम वाटली. चूक माझी. पण तिचे चार गुण तुमी अन् मी मिळून केले, तिनं नाही."

"जाय, पाणी भर," ते म्हणाले.

मी गेले. पण हात जोडले नाहीत. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्यासमोरून हात न जोडता निघाले, आणि हात कुठं ठेवायचे तेच कळेना.

आठ नावं गेली. वच्छीचं नव्हतं. पोरी नागपूरला जाऊन हरून आल्या. मला त्याचा आनंद झाला नाही. त्या जिंकून आल्या असत्या तरी माझं म्हणणं तेच राहिलं असतं.

मी वच्छीला ऑफिसातलं सगळं सांगितलं. म्हणाले, "मी तुले टाकू नको म्हटलं, ते चुकलं. मारलं तेबी चुकलं."

ती म्हणाली, "मले माहीत होतं माय, मी काय करून राहिली ते. तुलेच माहीत नव्हतं."

मग बादली घेऊन बाहेर गेली. त्या दिवशी मी जेवले नाही. उपास म्हणून नाही. तोंड वर करून पोरीच्या समोर बसायची लाज वाटली. लाज मला ह्याआधीही वाटायची, पण ती अध्यक्षांसमोर, सरांसमोर, टाळ्या वाजवणाऱ्यांसमोर. ती लाज खोटी होती, उसनी होती. खरी लाज अशी असते हे तेव्हा कळलं. अजून गेली नाही. जावी असं मला वाटतही नाही.

त्या हिवाळ्यात आमच्याच मैदानावर पुन्हा सामना झाला. अध्यक्ष खुर्चीवर, गावातली बरीच मंडळी भोवती. सरांनी वच्छीला सुरुवातीपासून आत ठेवलं होतं. ते कोणाला काही बोलले नाहीत, पण ठेवलं. दुसऱ्या भागात चेंडू वच्छीच्या हातात आला. ती कडीच्या अगदी खाली, समोर कोणी नाही. आणि तिनं चेंडू छातीशी धरून माधुरीला शोधायला मान वळवली. सवय. मी लावलेली सवय.

मी चिंचेखालून ओरडले, "टाक वच्छे! कोणाले नको पाहू! टाक!"

सगळं मैदान माझ्याकडे वळलं. वच्छीनंही पाहिलं. क्षणभरच. मग तिनं वर पाहिलं आणि टाकला. तो फळीवर आपटून परत आला. तिनं पकडला आणि पुन्हा टाकला.

"कोण ओरडलं तिकडं?" अध्यक्षांचा आवाज आला.

"मी," मी म्हणाले. "तिची माय."

दुसऱ्या दिवशी मला कामावर येऊ नको म्हणून निरोप आला. मी गेले नाही, विनंती करायलाही नाही. पुढची सगळी वर्षं तलावावर काढली. वच्छी दहावीपर्यंत खेळली. ऐंशी साली शाळा सुटली, खेळही सुटला. तिचा संसार झाला, लेकरं झाली. ती येते, बसते, चांगलं बोलते. मला माफ केलं का, हे मी तिला विचारलेलं नाही. विचारलं तर ती हो म्हणेल, आणि ते मला पुन्हा एकदा तिच्याकडून फुकट घेतल्यासारखं होईल.

आता कोणीही असो, मास्तर, साहेब, घरातला जावई, माझ्या माणसाची किंमत कागदावरून वाचायला लागला की मी त्याला मधेच थांबवते. विचारते, हे लिहिणारा कुठं बसून पाहत होता? आणि ह्या माणसाला काय काय करू दिलं नव्हतं, ते कोणत्या कागदावर आहे? लोकांना राग येतो. येऊ दे. उत्तर मिळेपर्यंत मी जागची हलत नाही.